पावणी, कुपन आणि सीएसआर : पेडण्यातल्या सेवाक्लबांचा आढावा

पेडण्याच्या बाजारात किराणा दुकानाच्या गल्ल्याजवळ, बरणीला टेकवून ठेवलेले कुपनांचे एखादे पुस्तक बहुधा असतेच. कधी ते जत्रोत्सव समितीचे, कधी क्रिकेट मंडळाचे, कधी एखाद्या सेवाक्लबाचे. सुटे परत देता देता दुकानदार विचारतो, "एक फाडू?" आपण मान हलवतो. पन्नास नाहीतर शंभर रुपये जातात, आणि सोडत कधी निघाली, स्कूटर कोणाला लागली, उरलेल्या पैशांतून कोणाच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, हे पुष्कळदा आपल्याला कळत नाही. बहुतेक वेळा आपण विचारतही नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र हे विचारले जाऊ लागले आहे. मोपाच्या सड्यावर विमानतळ आला, धारगळपासून थेट वर चढणारा रस्ता आला, हॉटेले आणि जमिनीचे व्यवहार वाढले. तालुक्यात पैसा दिसू लागला तशी सेवाक्लबांनी काय करावे आणि ते कोणाच्या पैशांनी करावे, ही चर्चाही वाढली. रोटरी, लायन्स आणि त्याच धर्तीवरची स्थानिक मंडळे यांच्या कामाचा आणि निधीचा हा आढावा. कोण्या एका क्लबाचे गुणदोष दाखवणे हा हेतू नाही. पेडणे, शेजारची डिचोली आणि पत्रादेवीच्या नाक्यापलीकडचा बांदा हा परिसर डोळ्यांसमोर ठेवून ही चर्चा कुठवर आली आहे, एवढेच पाहायचे आहे.

क्लबांच्या आधी

सार्वजनिक कामासाठी पैसा जमवणे या भागाला क्लबांनी शिकवले, असे नाही. त्याची सर्वांत जुनी आणि अजून चालू असलेली रीत म्हणजे पावणी. जत्रेत देवापुढे आलेले नारळ, केळ्यांचे घड, फळे, वस्तू यांचा देवळाच्या चौकात जाहीर लिलाव होतो. पुकारा करणारा आकडा मोठ्याने सांगतो, वाढवतो. एखादा साधा नारळ बाजारभावाच्या कित्येक पटींनी जातो. घेणाऱ्याला नारळ नको असतो, देणे असते. आणि ते देणे गावासमोर व्हावे, हेही असते. या पद्धतीत बढाई आहे, घराण्याघराण्यांतली चुरस आहे. तरीही एक गोष्ट तिच्यात आपोआप साधते. किती पैसे आले हे त्याच वेळी सगळ्यांच्या कानांवर पडते. हिशेब लिहिण्याआधी ऐकला जातो.

दुसरी रीत नाटकाची. पेडणे हा दशावताराचा मुलूख. शाळेच्या छपरासाठी, वाचनालयासाठी, कोणाच्या आजारपणासाठी प्रयोग लावायचा आणि तिकिटांतून रक्कम उभी करायची, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. या रीतीचे सर्वांत मोठे उदाहरण गोव्याबाहेर घडले. मुंबईत कामधंद्यासाठी गेलेल्या गोमंतकीयांनी 1919 साली गोवा हिंदु असोसिएशन स्थापन केली. तिच्या कलाविभागाने मराठी रंगभूमीला 1964 साली 'मत्स्यगंधा' दिले, 1970 साली 'नटसम्राट' दिले. बांदोड्याचे 'स्नेहमंदिर' हे वृद्धांसाठीचे घर याच संस्थेचे. नाट्यवेड आणि समाजकार्य एकाच छपराखाली नांदवणारी ही संस्था सेवाक्लबांच्या इतिहासात सहसा धरली जात नाही. माझ्या मते ती आधी धरायला हवी, कारण 'सेवेसाठी कार्यक्रम' ही कल्पना शिकागोत जन्मलेले सेवाक्लब इथे येण्याआधीच आपल्याकडे रुळली होती.

त्या काळात इथे संस्था उभ्या राहण्याला राजकीय कारणही होते. पोर्तुगालमध्ये 1910 साली प्रजासत्ताक आले आणि गोव्यातल्या हिंदूंना संस्था काढणे, शाळा चालवणे, वर्तमानपत्र छापणे मोकळे झाले. मडगावपासून फोंड्यासारख्या नव्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर जिंकलेल्या, तालुक्यांपर्यंत वाचनालये आणि मराठी शाळा वर्गणीवर उभ्या राहिल्या.

शिकागोचा धागा वेगळा. पॉल हॅरिस या वकिलाने 23 फेब्रुवारी 1905 रोजी तीन ओळखीच्या व्यावसायिकांना बोलावले. आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटायचे, म्हणून नाव रोटरी. सुरुवातीला हेतू उघड होता, एकमेकांना धंदा मिळवून देण्याचा. सेवा मागाहून आली. लायन्सची स्थापना 1917 ची, तीही शिकागोचीच, मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकाराने. 1925 साली हेलन केलर लायन्सच्या अधिवेशनात आल्या, अंधांसाठी काम करा असे त्यांनी आवाहन केले, आणि नेत्रसेवा लायन्सला जी चिकटली ती आजतागायत. भारतात पहिला रोटरी क्लब 1920 साली कलकत्त्यात झाला, तर लायन्स 1956 साली मुंबईत आले. गोव्यात या क्लबांचा पसारा मुक्तीनंतर वाढला, आधी पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को अशा शहरांत. आज रोटरीच्या रचनेत गोवा ज्या 3170 क्रमांकाच्या डिस्ट्रिक्टमध्ये येतो, त्यात कोल्हापूर, बेळगाव, रत्नागिरी, सिंधुदुर्गही आहेत. म्हणजे राज्याची सीमा पत्रादेवीला असली तरी क्लबाची सीमा तिथे नाही. या मुद्द्याकडे शेवटी परत यावे लागेल.

जुलैतला अध्यक्ष

क्लबांचे वर्ष 1 जुलैला सुरू होते आणि 30 जूनला संपते. अमेरिकेत ठरलेल्या या तारखेने पेडण्यातल्या सेवाकार्याचा चेहरा किती घडवला आहे, हे फारसे कोणी बोलत नाही. नवा अध्यक्ष ऐन पावसात पदग्रहण करतो. हाती उत्साह असतो, निधी नसतो, आणि बाहेर मुसळधार पडत असते. मग या दिवसांत होण्यासारखे काय? वृक्षारोपण, वह्यावाटप, छत्र्यावाटप, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार. पहिल्या तिमाहीतल्या उपक्रमांची यादी जवळपास प्रत्येक क्लबाची सारखी दिसते त्यामागे कल्पनेच्या दारिद्र्यापेक्षा हे पंचांग अधिक आहे. त्यातही आता बदल होतो आहे. 2025 पासून गोव्यात सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले. जुलैतल्या वह्या त्या मुलांच्या हाती पहिली घटक चाचणी जवळ आल्यावर पडतात.

पाऊस ओसरला की कार्यक्रमांना जोर येतो. रक्तदान, नेत्रतपासणी, मधुमेह तपासणी, दंतचिकित्सा, शाळांना संगणक किंवा पाण्याचे फिल्टर, मॅरेथॉन, चित्रकला स्पर्धा. रोटरीच्या राष्ट्रीय साक्षरता मोहिमेखाली शाळांतल्या सुविधा सुधारण्याची कामे होतात. याखेरीज एक काम फार गाजावाजा न होता चालते: चाकाची खुर्ची, वॉकर, रुग्णाची खाट, ऑक्सिजन यंत्र असे साहित्य ठेव घेऊन उसने देणे. पायाचे हाड मोडलेल्या म्हाताऱ्याला तीन महिन्यांसाठी खाट विकत घेणे परवडत नाही आणि नंतर ती ठेवायला घरात जागाही नसते. या साहित्याच्या नोंदवहीत देणाऱ्याचे नाव असते, फोटो नसतो. सगळ्या उपक्रमांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो.

जगाच्या पातळीवर क्लबांनी काय साधले याचा सर्वांत भक्कम दाखला पोलिओचा. रोटरीने 1985 साली पोलिओ निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. भारतात शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी देशाला पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. लस सरकारने दिली, खर्चाचा मोठा भारही सरकारने उचलला. क्लबांनी पैसा, माणसे आणि चिकाटी दिली. हे काम पंचवीसहून अधिक वर्षे चालले. त्या अवधीत एकेका क्लबात पंचवीसहून अधिक अध्यक्ष बदलले. एक वर्षाच्या अध्यक्षालाही लांबचे काम पेलते ते केव्हा? ध्येय वरून ठरलेले आणि सर्वांना एकच असते तेव्हा. गावातल्या कामांना ही सोय नसते.

नेत्रशिबिरांचा प्रवास बोलका आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 साली सुरू झाला, तेव्हा शाळेच्या वर्गात किंवा धर्मशाळेत टेबल मांडून मोतीबिंदू काढले जात. जंतुसंसर्गाच्या घटनांनी सरकारी धोरण बदलले. आता शिबिरात तपासणी होते आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात. त्यामुळे क्लबाचे काम डॉक्टर आणण्यापेक्षा रुग्णाला गाडीतून नेणे, परत आणणे आणि महिन्याने पुन्हा दाखवणे असे झाले आहे. 2015 ते 2019 या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी 66.2 टक्के मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले, तेव्हा गरज संपलेली नाही. चष्म्याबाबतही पुरावा आहे. आसामच्या चहामळ्यात चाळिशीपुढच्या कामगारांना जवळचे दिसण्याचे चष्मे दिल्यावर त्यांची पानखुडणी चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी अधिक वाढली, असे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. काजूगर निवडणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या बायकांसाठी असा चष्मा बातमीत न मावणारा, तरीही रोजच्या कमाईत दिसणारा उपक्रम ठरू शकतो.

रक्तदानाचे गणित थोडे गुंतागुंतीचे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली, आणि रक्तपेढ्या स्वेच्छेच्या दात्यांवर, म्हणजे मोठ्या प्रमाणात शिबिरांवर, अवलंबून राहू लागल्या. क्लबांचे हे योगदान निर्विवाद आहे. पण लाल पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. पंधरा ऑगस्टला, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला आणि संस्थेच्या वर्धापनदिनाला एकाच आठवड्यात शिबिरांची गर्दी होते आणि मे महिन्यात दाता मिळत नाही. किती पिशव्या जमल्या याचा आकडा फलकावर येतो. कोणत्या आठवड्यात जमल्या, याला महत्त्व असूनही ते येत नाही.

पैसा येतो कुठून

पहिला स्रोत सभासदांचा खिसा. रोटरीत आंतरराष्ट्रीय मुख्यालयाला दर सभासदामागे वर्षाला 80 डॉलरच्या आसपास द्यावे लागतात, म्हणजे सात हजार रुपयांच्या घरात. त्यावर डिस्ट्रिक्टची वर्गणी, मासिक आणि बैठकांचा खर्च. लायन्सचा आंतरराष्ट्रीय वाटा याहून कमी आहे. शहरातल्या डॉक्टराला किंवा कंत्राटदाराला ही रक्कम किरकोळ वाटेल. कोरगावच्या शिक्षकाला किंवा हळर्णच्या बागायतदाराला ती विचार करायला लावते. 'आधी क्लब जगवायचा, मग सेवा करायची' असे सभासद आपसांत गमतीने म्हणतात, त्यात तथ्य आहे.

इथे एक नियम बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतो. लायन्समध्ये दोन वेगळी खाती ठेवावी लागतात, एक प्रशासनाचे आणि एक उपक्रमांचे. लोकांकडून जमवलेला पैसा जेवणावळीला, फलकाला, पदाधिकाऱ्यांच्या प्रवासाला वापरता येत नाही. तो लोकांकडेच परत गेला पाहिजे. बहुतेक गैरसमज इथेच मिटावेत. ते मिटत नाहीत, कारण कुपनाच्या मागे कोणी हे छापत नाही.

दुसरा स्रोत कार्यक्रमांचा. स्मरणिकेच्या जाहिराती, नाटकाचा प्रयोग, संगीतसंध्या, क्रिकेट आणि फुटबॉलच्या स्पर्धा, हौजी आणि अर्थात कुपने. स्मरणिका हा खास आपला प्रकार. मंत्र्याचा शुभेच्छा संदेश, अध्यक्षांचे मनोगत, दोन कविता आणि पुढे साठ पाने सिमेंट, फर्निचर आणि बार-अँड-रेस्टॉरंट. जाहिरातदाराला माल खपण्याची आशा नसते, 'नाही' म्हणता येत नाही म्हणून तो देतो. छपाईचा खर्च वजा जाता बरेच उरते, म्हणून स्मरणिका टिकली आहे. वाचली जाते म्हणून नव्हे.

कुपनांचा मुद्दा कायद्याला जाऊन भिडतो. राज्य सरकारने चालवलेली किंवा अधिकृत केलेली सोडत वगळता पैसे घेऊन सोडत काढणे हा भारतीय दंडविधानाच्या कलम 294-अ खाली गुन्हा होता, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोच कलम 297 मध्ये आला आहे. हौजीलाही जुगारविरोधी कायद्याच्या कुंपणाला घासूनच चालावे लागते. गंमत अशी की ज्या राज्यात मांडवीत तरंगते कॅसिनो परवान्याने चालतात तिथे जत्रेतल्या स्कूटरच्या सोडतीचे कायदेशीर स्थान अस्पष्ट आहे. प्रत्यक्षात कोणी अडवत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक वाड्यावर कोणती ना कोणती समिती कुपने काढते. जाणते पदाधिकारी मात्र आता त्याऐवजी 'देणगी प्रवेशिका' हा मार्ग धरू लागले आहेत.

तिसरा स्रोत देणग्या. आयकराच्या 80-जी खाली नोंदलेल्या संस्थेला देणगी दिल्यास बहुधा निम्म्या रकमेवर सवलत मिळते, आणि दोन हजार रुपयांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही. पण आता जी नवी करपद्धती आपोआप लागू होते तिच्यात व्यक्तीला ही सवलत नाही. पगारदार देणगीदार 'पावती द्या' म्हणायचा, तो आता फारसे म्हणत नाही. यातून देणग्या घटतील की पावतीविना वाढतील, हे पुढल्या काही वर्षांत कळेल.

चौथा स्रोत आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठानांचा. रोटरी फाउंडेशनची सुरुवात 1917 साली आर्च क्लम्फ यांच्या कल्पनेतून झाली, आणि पहिली देणगी होती साडेसव्वीस डॉलर. आज त्यातली व्यवस्था अशी: सभासदांनी दिलेला वार्षिक निधी तीन वर्षे गुंतवला जातो आणि मग त्यातला साधारण निम्मा डिस्ट्रिक्टकडे कामांसाठी परत येतो. मोठ्या 'ग्लोबल ग्रँट'साठी प्रकल्प किमान 30,000 डॉलरचा हवा आणि परदेशातला एक क्लब भागीदार हवा. डायलिसिस यंत्र किंवा रक्तघटक वेगळे करणारी यंत्रणा यात बसते. चांदेल किंवा इब्रामपूरच्या एखाद्या वाड्यावरची झर दुरुस्त करणे बसत नाही, कारण ते फार स्वस्त आहे. लहान कामांसाठी डिस्ट्रिक्टचे लहान अनुदान असते, पण त्यालाही अर्ज, छायाचित्रे आणि अहवाल लागतात. हे लिहिणारा माणूस क्लबात असेल तर पैसा येतो, नसेल तर नाही.

डिचोली आणि मोपाचा सडा

पाचवा स्रोत कंपन्यांचा. चर्चेचा सूर तापतो तो इथे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. ही तरतूद 1 एप्रिल 2014 पासून लागू आहे. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा म्हणतो. बोलीभाषेत हाच 'सीएसआर'.

पेडण्याने यासाठी डिचोलीकडे पाहावे, असे तिथले जुने कार्यकर्ते सांगतात. डिचोलीत कायद्याच्या कितीतरी आधी खाण कंपन्या शाळांना बाके, मंडळांना देणग्या, क्रीडास्पर्धांना चषक देत होत्या. खाण कंपन्यांनी मिळून 2000 साली मिनरल फाउंडेशन ऑफ गोवा ही संस्थाही काढली. मग 2012 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आधी राज्य सरकारच्या आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या. त्या 2015 च्या सुमारास अंशतः सुरू झाल्या आणि 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रक थांबले, गॅरेजे थांबली आणि स्मरणिकांची पानेही थांबली. एकाच धंद्यावर उभा राहिलेला दानधर्म त्या धंद्याबरोबर आजारी पडतो. दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे: त्या पैशांतून बांधलेले वर्ग आणि विहिरी अजून वापरात आहेत. शिवाय खाणीच्या धुळीबद्दल बोलायचे आणि खाणीच्या पैशांतून बक्षीस समारंभ करायचा, ही कसरत त्या वेळी अनेकांनी केली. कोणी ती व्यवहार म्हणून केली, कोणाला ती जन्मभर टोचली.

मोपाला आता त्याच चौकात उभे राहावे लागते आहे. विमानतळाची पायाभरणी 2016 साली झाली. पर्यावरण मंजुरीवरून काम 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात थांबले, 2020 मध्ये मोकळे झाले. 11 डिसेंबर 2022 रोजी उद्घाटन आणि 5 जानेवारी 2023 पासून उड्डाणे. दोन हजारांहून अधिक एकरांचा सडा त्यात गेला; त्यावरची धनगरांची घरे, काजूबागायती, गुरांची चराई आणि खालच्या गावांना पाणी देणाऱ्या झऱ्यांचे उगम हे सगळे वादाचे विषय झाले आणि काही अंशी अजून आहेत. विमानतळ चालवणाऱ्या जीएमआर समूहाचे स्वतःचे सेवाप्रतिष्ठान आहे. परिसरातल्या तरुणांना विमानतळावरच्या कामांचे प्रशिक्षण देणे हा त्याच्या कामाचा मुख्य भाग. म्हणजे कंपनीकडे निधी आहे आणि तो खर्चायला स्वतःचा हातही आहे. अशा वेळी गावातल्या क्लबाने कंपनीशी कोणते नाते ठेवावे?

कागदोपत्रीही वाट सोपी नाही. दुसऱ्याचा सीएसआर निधी राबवायचा तर संस्था 12-ए आणि 80-जी खाली नोंदलेली हवी, तिला तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि 2021 पासून तिने 'सीएसआर-1' अर्ज भरून क्रमांक घेतलेला हवा. पंचवीस सभासदांच्या क्लबाकडे हे सगळे क्वचितच असते. मग तो डिस्ट्रिक्टच्या ट्रस्टमार्फत पैसा घेतो किंवा कंपनी थेट खर्च करते आणि क्लब फक्त माणसे जमवतो. परदेशातून मदत घ्यायची तर परकी निधीचा कायदा आहे. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला असा पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, त्यामुळे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या पेडणेकराची आपुलकी नातेवाइकाच्या खात्यातून फिरून येते.

मते कोणती

या सगळ्यावर तालुक्यात ऐकू येणारी मते ढोबळपणे अशी दिसतात.

काहींच्या मते क्लबाने लहान, तात्काळ आणि डोळ्यांना दिसणारे काम करावे. वह्या मिळालेल्या मुलाला वह्या मिळाल्या, एवढे पुरे. मोठे बदल घडवणे हे पंचायतीचे, आमदाराचे, सरकारचे काम. क्लबाने त्यात पडले की राजकारण शिरते. त्यांचा अनुभव दुर्लक्षिण्यासारखा नाही. पाण्याच्या टाकीपासून स्मशानाच्या छपरापर्यंत पेडण्यात असे काहीही नाही ज्याला पक्षाचा रंग चढत नाही.

दुसऱ्या मताची माणसे बहुधा शिक्षक आणि डॉक्टर आहेत. सरकारी योजना नव्हत्या तेव्हा वाटपाला अर्थ होता, असे ती म्हणतात. आता 2016 पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत कुटुंबाच्या उपचारांना अडीच ते चार लाखांचे संरक्षण आहे, गृहिणींना गृहआधार आहे, शाळेत माध्यान्ह आहार आहे. तुटवडा वस्तूंचा राहिलेला नाही, सोबतीचा आहे: अर्ज भरून देणारा, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, कोणत्या खिडकीशी जायचे ते सांगणारा, औषध सुरू ठेवले का हे महिन्याने विचारणारा माणूस हवा आहे. मी पाहिलेल्या एका प्राथमिक शाळेला एकाच पावसाळ्यात तीन संस्थांनी दप्तरे दिली, आणि तिसऱ्या कार्यक्रमाच्या वेळी मुलांना पहिली दोन घरी ठेवून यायला सांगितले गेले. हे ऐकून हसू येते, पण बाईंची अडचणही समजते. पुढच्या वर्षी संगणक मागायचा असतो. अशा प्रसंगांमुळे या मताला बळ मिळते. त्याची उणीव अशी की सोबत देण्याचे काम मोजता येत नाही आणि ते कामावर जाणाऱ्या सभासदाला फार दिवस जमत नाही.

पैशाच्या बाबतीत दुफळी वेगळी पडते. पैसा कुठूनही येवो, रुग्णाला त्याचा रंग दिसत नाही, असे म्हणणारे आहेत. उलट बाजू म्हणते की जमीनव्यवहार, धारगळला येऊ घातलेला कॅसिनो प्रकल्प, डिसेंबर 2024 मध्ये तिथेच झालेला सनबर्न महोत्सव यांवर गाव दोन्ही बाजूंनी बोलत असताना त्या वर्तुळातल्या कोणाचा फलक क्लबाच्या मांडवात लागला तर क्लब एका बाजूचा ठरतो. काहींनी मधला मार्ग सुचवला आहे: पैसा घ्यावा, फलक लावू नये. पण फलक नसेल तर देणाऱ्याने द्यावे का, या प्रश्नापाशी तो मार्ग थांबतो.

भाषेचा आणि वर्गाचा मुद्दा या सगळ्याखाली आहे. क्लबाच्या बैठकीचा शिष्टाचार, घंटा, गळ्यातली साखळी, इंग्रजी सूत्रसंचालन हे शहरात चालून जाते. पेडण्यात व्यवहार कोकणीत आणि लेखी कारभार मराठीत. इंग्रजीत छापलेले निमंत्रण वाड्यावर पोहोचते तेव्हा ते कार्यक्रमाचे असते की लग्नाचे, हे उलगडून पाहावे लागते. क्लब बदलतच नाहीत असे म्हणणेही बरोबर नाही. रोटरीने 1989 साली स्त्रियांना सभासदत्व खुले केले, लायन्सने त्याआधी 1987 साली. 2016 पासून रोटरीत दर आठवड्याच्या बैठकीची सक्तीही सैल झाली. तरी तालुक्यात सर्वाधिक पैसा नियमाने हाताळणारी माणसे आज क्लबात नाहीत, स्वयंसहाय्य गटांत आहेत. दर महिन्याला बचत, कर्ज आणि व्याजाचा हिशेब वर्तुळात बसून वाचणाऱ्या या बायकांकडून क्लबांनी काही शिकावे, ही सूचना अधूनमधून होते. ती कोणी नाकारत नाही आणि अमलातही आणत नाही.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न सातत्याचा. पोलिओसारखे वरून ठरलेले ध्येय नसताना पाच वर्षांचे स्थानिक काम एक वर्षाच्या अध्यक्षांच्या साखळीतून कसे न्यायचे? काही ठिकाणी मागचा, चालू आणि पुढचा असे तीन अध्यक्ष मिळून एकच काम धरतात. उपाय कागदावर बरा दिसतो. प्रत्येकाला आपल्या वर्षाची वेगळी ओळख हवी असते, ही माणसाची साधी इच्छा त्याच्या आड येते.

दुसरा सीमेचा. बांदा, सातार्डा, दोडामार्ग इथले रुग्ण पेडण्याच्या शिबिराला येतात. त्यांचे सोयरे इकडे, बाजारहाट इकडे. क्लबाच्या रचनेत ते आपलेच. पण तपासणीनंतर शस्त्रक्रिया लागली की रस्ते फुटतात. गोमेकॉत 2018 पासून परराज्यातल्या रुग्णांना शुल्क आहे, आणि गोव्याच्या विमायोजनेला गोव्यातला वास्तव्याचा पुरावा लागतो. एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोन विहिणींपैकी एकीचा मोतीबिंदू योजनेत निघतो आणि दुसरीसाठी क्लबाला पैसे उभे करावे लागतात. हा खर्च कोणत्या शीर्षकाखाली दाखवायचा, यावर मतैक्य नाही.

तिसरा हिशेबाचा. क्लब हिशेब ठेवत नाहीत असे नाही. लेखापरीक्षण होते, डिस्ट्रिक्टला अहवाल जातात. तो हिशेब ज्यांनी कुपन फाडले त्यांच्यापर्यंत येत नाही, एवढेच. एखाद्या क्लबाने वर्षाचा जमाखर्च मराठीत एका पानावर छापून बाजारातल्या त्याच गल्ल्यांजवळ लावावा, अशी सूचना मी दोन-तीन ठिकाणी ऐकली. तिला विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे: देणगीदारांची नावे उघड झाली तर उद्या त्यांच्या दारी पंधरा मंडळे उभी राहतील. रक्कम सांगावी, नाव सांगू नये, हा पर्याय निघतो. पण पावणीत वाढलेल्या गावाला नावाविना आकडा अर्धवट वाटतो.

शिवाय त्यातच एक अगदी किरकोळ दिसणारी गाठ आहे. आयकरासाठी वर्ष 31 मार्चला संपते, क्लबाचे 30 जूनला. मधल्या तीन महिन्यांत, म्हणजे नेमक्या जत्रा आणि स्पर्धांच्या मोसमाच्या शेवटी, जमलेला पैसा एका वहीत एका अध्यक्षाचा असतो आणि दुसऱ्या वहीत पुढल्या वर्षाचा. गेल्या जूनमध्ये एका खजिनदाराने मला त्या दोन वह्या शेजारी शेजारी मांडून दाखवल्या. दोन्ही बरोबर होत्या आणि दोन्हींची बेरीज जुळत नव्हती. बाहेर पावसाची पहिली सर आली होती, आणि नव्या अध्यक्षांचा फोन येत होता, रोपे किती मागवायची म्हणून.